घाटमाथा आणि गिरणगाव : एका डोंगरी प्रदेशाचा मानवी भूगोल

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीची लोकसंख्या किती, असे ग्रामपंचायतीच्या दप्तरास विचारले तर एक आकडा मिळतो आणि वाडीतील वृद्धांस विचारले तर दुसराच. वृद्ध मंडळी ‘मुंबईकर’ धरून मोजतात. दप्तर आणि वृद्ध दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात. या दोन आकड्यांमधील अंतर समजून घेणे म्हणजेच या प्रदेशाचा मानवी भूगोल समजून घेणे होय.

शालेय भूगोलात लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी हा भाग ‘औद्योगिक विभाग’ म्हणून येतो. अकोले, जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, भोर, वाई, जावळी, पाटण हे तालुके ‘डोंगरी विभाग’ म्हणून निराळ्या प्रकरणात येतात. प्रत्यक्षात शंभराहून अधिक वर्षे या दोन्ही विभागांचा संसार एकच होता. डोंगरातील भातखाचर आणि चाळीतील खोली ही एकाच कुटुंबाच्या उपजीविकेची दोन अंगे होती. यांपैकी एक अंग १९८२ नंतर तुटले. डोंगरी तालुक्यांच्या विकासाचा विचार करताना ही घटना अद्याप पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

जमीन आणि पाऊस

अहिल्यानगर जिल्ह्यातील कळसूबाईच्या शिखरापासून (१,६४६ मीटर) दक्षिणेस पाटणच्या खोऱ्यापर्यंतचा सह्याद्री काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. पश्चिमेच्या बाजूस तो कड्यांनी कोकणात तुटतो; पूर्वेकडे मात्र त्याचे फाटे हळूहळू देशाकडे उतरतात. या फाट्यांच्या मधल्या खोऱ्यांस पुणे जिल्ह्यात मावळ किंवा नेर म्हणतात. आंदर मावळ, पवन मावळ, कुकडनेर, भीमनेर ही नावे पाहिली की लोकांनी नदी आणि खोरे हेच प्रदेशाचे मोजमाप मानले होते, हे कळते. तालुका ही कल्पना नंतरची.

महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वाईपर्यंत उतरले की तो हजाराच्याही खाली येतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास राहतो. घाटमाथ्यावर एवढे पाणी पडूनही जमीन सधन नाही, हे बाहेरच्या माणसास चटकन पटत नाही. त्याचे कारण असे की, पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उतारावरची माती धुऊन नेतो आणि फाल्गुनात विहिरी कोरड्या टाकतो. भात पिकते ते खोऱ्याच्या तळाशी बांध घालून केलेल्या खाचरांत. उतारावर नाचणी व वरी ही पिके होतात, आणि तीही जमिनीस काही वर्षे विसावा देऊन. माथ्यावर जांभा खडकाचा उघडा सडा असतो. त्यावर पावसाळी फुलांखेरीज फारसे काही येत नाही.

सपाट जमीन एवढी मोलाची असल्यामुळे ती घरासाठी खर्ची घालणे परवडत नाही. म्हणून घरे उतारावर चढली आणि गाव विखुरले. देशावरचे गाव पांढरीवर एकवटलेले असते. डोंगरातले गाव पाच-सहा वाड्यांत फुटलेले असते आणि एका वाडीतून दुसरीस जायला ओढा ओलांडावा लागतो. अनेक वाड्या मिळून एक गट ग्रामपंचायत, ही आजची व्यवस्था या भूरचनेतूनच आली आहे. उतारावरील वस्तीचा धोका आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दिसून आला. त्या दिवशी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली.

एका डोंगरावरील अनेक समाज

घाटमाथा हा एकजिनसी समाजाचा प्रदेश नाही. उंची, उतार आणि वन यांनुसार येथे निरनिराळे समाज निरनिराळ्या थरांवर वसले आहेत. खोऱ्याच्या तळाशी, भातखाचरांच्या भोवती कुणबी-मराठ्यांची वस्ती अधिक. त्याच गावाच्या कडेस पूर्वाश्रमीचा महारवाडा, आजची बौद्ध वस्ती. जुन्नर, आंबेगाव, खेड व अकोले या भागांत वरच्या खोऱ्यांतून महादेव कोळी हा आदिवासी समाज आहे. भातशेतीबरोबर रानातील हिरडा गोळा करणे हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन. इंग्रजी अमलाविरुद्ध उठाव करून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच समाजातील होत.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट स्पष्ट करावी. ‘कोळी’ या नावामुळे महादेव कोळी आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी यांत गल्लत होते. एक डोंगरातला शेतकरी आहे, दुसरा समुद्रावरचा मच्छीमार. महादेव कोळ्यांची गणना अनुसूचित जमातींत होते, सोनकोळ्यांची होत नाही. एका शब्दाखाली दोन भूगोल झाकले गेल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

महादेव कोळ्यांच्या शेजारी ठाकर, आणि घाटाच्या कड्याखाली व पायथ्याशी कातकरी. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा पिढीजात व्यवसाय. नाव त्यावरूनच पडले. अगदी वरच्या पठारांवर, जेथे भातही होत नाही, तेथे मुळशीपासून पाटणपर्यंत गवळी धनगरांचे वाडे आढळतात. देशावरचा धनगर मेंढरे राखतो; घाटमाथ्याच्या पावसात मेंढरू टिकत नाही, म्हणून येथला धनगर म्हशी राखतो आणि लोणी-तूप खालच्या बाजारास नेतो. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी गवळी धनगरांच्या या जीवनक्रमाचा शास्त्रीय अभ्यास केला आहे.

या सर्व समाजांत पूर्वी देवघेव होती. तूप, हिरडा, भात, मजुरी यांची अदलाबदल चाले. परंतु १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द आखली गेली आणि उतारावर झाडोरा जाळून करावयाच्या फिरत्या शेतीवर व चराईवर बंधने आली. डोंगर तेवढाच राहिला. वापरावयाचा डोंगर मात्र आक्रसला. नेमक्या याच काळात घाटाखाली गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते.

घाट उतरण्याची वाट

कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची स्थापना १८५४ मध्ये केली. ताडदेवच्या या गिरणीत दोन वर्षांनी उत्पादन सुरू झाले. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. रेल्वेने कापूस खाली आणला, आणि कापसाबरोबर माणूसही आणला. पुढील काही दशकांत गिरण्यांचा विस्तार ताडदेव-भायखळ्याकडून परळ, लालबाग, वरळी, दादर असा उत्तरेकडे झाला.

मुंबईच्या गिरणी कामगारांत संख्येने आघाडीवर राहिला तो कोकणचा रत्नागिरी जिल्हा. त्याखालोखाल जे जिल्हे येत त्यांत सातारा व पुणे होते. कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली.

घाट उतरणे ही घाईने घेतलेली उडी नव्हती. गिरणीत माणूस भरण्याचे काम मुकादमाकडे, म्हणजे जॉबरकडे असे. तो आपल्या खोऱ्यातला, आपल्या भावकीतला माणूस आणी. प्रथम बदली कामगार म्हणून सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळवावयाचे, आणि काही वर्षांनी कायम तिकीट. ज्याचा मामा वा चुलता आधी गेलेला नाही, त्याच्यासाठी हे दार उघडत नसे. म्हणूनच एकाच डोंगरावरील सर्व समाज एका वाटेने उतरले नाहीत. कुणबी-मराठा गिरणीत गेला. कातकरी मात्र कोळसा पाडण्यास व ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर, तोही मालकाकडून उचल घेऊन आणि बिऱ्हाड पाठीवर टाकून. दिवाळीनंतर भट्टीवर जावयाचे आणि पावसाच्या तोंडाशी परतावयाचे, हे चक्र आजही थांबलेले नाही. गवळी धनगर बराच काळ वरच राहिला.

मुंबईने या सर्वांस ‘घाटी’ असे एकच नाव दिले. घाटावरचा तो घाटी, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे त्यास हिणकस छटा आली. शहराने ज्या माणसाच्या पाठीवर ओझे दिले त्याच्याच गावाच्या नावाची शिवी करावी, ही बाब नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पाणी आणि वीज

माणसांच्या पाठोपाठ डोंगराचे पाणीही मुंबईच्या कामी आले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीज निर्माण केली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील केंद्र सुरू झाले. या विजेचा मोठा ग्राहक म्हणजे मुंबईच्या गिरण्या. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झाले आणि मावळातील उत्तम भातजमीन पाण्याखाली गेली. ज्या साच्यांवर मावळातला मुलगा उभा होता, त्या साच्यांना फिरविणारी वीज त्याच्याच खोऱ्याच्या बुडालेल्या खाचरांतून येत होती. पुढे १९६० च्या दशकात कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली पाटण, जावळी व महाबळेश्वर भागांतील अनेक गावे गेली आणि तेथील माणसे दूरच्या जिल्ह्यांत वसविण्यात आली.

गाळा

गिरणगावातील ज्या संस्थेचा अभ्यास सर्वात आधी व्हावयास हवा, ती म्हणजे गावकीची खोली. सातारा-पुण्याकडील लोक तिला गाळा म्हणत. चाळीतील एक खोली, बहुधा दहा-बारा फूट लांब-रुंद. भाडेपावती एकाच्या नावे, वापर साऱ्या गावाचा. दिवसपाळीची माणसे कामावर गेली की रातपाळीची त्याच जागेवर अंग टाकीत. प्रत्येकाची मालकी म्हणजे भिंतीशी एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. उन्हाळ्यात निम्मी माणसे गॅलरीत किंवा रस्त्याकडेला झोपत.

या खोलीस अलिखित नियम होते. नवा मुलगा गावाहून आला की त्याला काम लागेपर्यंत खोलीने पोसावयाचे. भाड्याचा वाटा महिन्याच्या पगारानंतर द्यावयाचा. आजारी पडलेल्यास गावी पोहोचवावयाचे. गावातील तंटा खोलीत आणि खोलीतील तंटा गावात, असा दोन्हीकडे मिटवावयाचा. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, यात्रेचा तमाशा यांसाठी वर्गणी येथेच जमे आणि वहीत लिहिली जाई. आजही डोंगरी गावांतील कित्येक शाळांच्या व देवळांच्या भिंतींवर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ असे शब्द कोरलेले दिसतात. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक तुटपुंजे असताना गावाचे हे दुसरे अंदाजपत्रक लालबाग-परळच्या खोलीत तयार होत असे.

जेवणाची सोय खाणावळीणबाई करी. ती बहुधा कामगाराचीच पत्नी किंवा विधवा; दहा-पंधरा माणसांचा डबा तिच्याकडे, हिशेब महिन्याचा. सावकारी व्याजात अडकलेल्या या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. करमणुकीतही प्रदेश टिकून राहिला. कोकणची मंडळी परळच्या दामोदर नाट्यगृहात आपल्या गावची नाटके करीत. घाटावरच्यांचा ओढा लालबागच्या हनुमान थिएटरातील तमाशाकडे असे. दोघेही एकाच गिरणीत, एकाच पाळीत काम करीत, हे विशेष.

खोलीबरोबर गावाची उतरंडही मुंबईस आली, हेही सांगितले पाहिजे. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकर खात्यात घेतले जात नसे. त्यांना कमी मजुरीच्या खात्यांत राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. त्यांचे स्वतःचे वास्तव्य परळच्या चाळीत दीर्घकाळ होते. शासनाने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतही नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी येथे जातवार व गाववार वस्ती झाली. कामगार एकतेच्या घोषणा आणि चाळीगणिक वेगळी वस्ती या दोन्ही गोष्टी गिरणगावात एकाच वेळी खऱ्या होत्या.

गिरगावचा प्रकार निराळा. तेथील वाड्या व चाळींत कारकुनी, शिक्षकी आणि छोट्या व्यापारी पेशाचा वर्ग स्थिरावला. घाटावरचा माणूस तेथे गेला तो बहुधा घरगडी, हमाल किंवा डबेवाला म्हणून. डबे पोहोचविण्याची ही व्यवस्था १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली. आजही या व्यवसायात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी याच तालुक्यांचे लोक मुख्यत्वे आहेत. पाटण-जावळीचा माणूस गोदीच्या व बाजाराच्या हमालीत शिरला. या हमालांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी व उपचार यांची हमी मिळाली. एका खोऱ्यास एक व्यवसाय, ही विभागणी नात्यागोत्याच्या भरतीतून झाली, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मागे राहिलेली माणसे

मुंबईच्या १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७५,९१४ होती आणि दर शंभरात सुमारे चौऱ्याऐंशी माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया निम्म्याच्या थोड्या वर. उरलेल्या स्त्रिया डोंगरात होत्या. भातलावणी, राब भाजणे, गुरे, म्हातारी माणसे, मुलांची शाळा आणि पोस्टमनची वाट, हा सारा कारभार त्यांच्यावर होता. मनीऑर्डर आली की वाण्याची उधारी फिटे. सातबारावर मात्र त्यांचे नाव क्वचितच लागे. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही लावणी गिरणगावात एवढी का रुजली, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

सातारा जिल्ह्यात १९९१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०२९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ९८८ वर आले. हा आकडा वर्गात शिकविताना सावधगिरी हवी. गिरण्या बंद पडून पुरुष परतले, हे त्याचे एक कारण संभवते; मुलींच्या जन्मात झालेली घट हे दुसरे आणि चिंतेचे. एकाच उतारात दोन वेगळ्या घटना मिसळल्या आहेत.

१९८२ आणि त्यानंतर

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप एवढा दीर्घकाळ चालू शकला याचे एक कारण गाव होते. पहिल्या काही महिन्यांत कामगार गावी गेले आणि भाकरीवर राहिले. परंतु डोंगरातले शेत वर्षभर पोसू शकत नाही, म्हणून तर ते मुंबईस गेले होते. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेण्यात आले नाही आणि पुढील दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद झाल्या. मनीऑर्डरचा प्रवाह आटला. गावातील दुसरे अंदाजपत्रक कोसळले. ज्या कुटुंबांची मुले तोवर शिकली होती ती पुणे, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबईकडे वळली. इतरांनी मजुरी, रिक्षा, पहारेकरी अशी कामे धरली.

गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले आणि २०१२ पासून सोडती निघत आहेत. या अर्जदारांपैकी अनेकजण आज सह्याद्रीतील वाड्यांत राहतात. वृत्तपत्रातील सूचना त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचते. गिरणीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, वारसाचा दाखला ही कागदपत्रे कोठे मिळतील हे वृद्ध विधवेस कळत नाही. तलाठी, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांनी आपल्या गावातील माजी गिरणी कामगारांची यादी करून ठेवली तर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई वाचू शकेल. या कामास निधीची गरज नाही.

शिक्षकांसाठीही यातून एक उपक्रम निघतो. विद्यार्थ्यांनी गावाचा नकाशा काढताना घर, विहीर, देऊळ यांबरोबर गावकीच्या खोलीचा मुंबईतील पत्ताही नोंदवावा: चाळीचे नाव, रस्ता, किती माणसे राहत, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात. माहिती देणारे आजोबा बहुतेक गावात अजून भेटतात. भेटणार नाहीत अशी वेळ फार दूर नाही.

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. लालबाग-परळच्या अनेक खासगी चाळीही पाडल्या जात आहेत. खोली रिकामी करताना पेट्या गावी येतात आणि वर्गणीच्या वह्या रद्दीत जातात. कोणत्या वर्षी कोणत्या वाडीने किती रुपये दिले, कोणाच्या आजारपणात खोलीने किती खर्च केला, शाळेच्या कौलांचे पैसे कसे उभे राहिले, हे सारे त्या वह्यांत तारीखवार लिहिलेले आहे. मंडळांच्या कार्यवाहांनी त्या वह्या गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत आणून ठेवाव्यात आणि ग्रामपंचायतीने त्यांची पोच द्यावी.